खालचा ठोका

१

जुनं इंजिन घेणं म्हणजे झूल घातलेला बैल घेणं, असं रुपराव मिस्त्री म्हणायचा. पाठीवरचे वळ घरी आणल्यावरच दिसतात. म्हणून मानकापूरच्या पुढं, सावनेर रोडवरच्या त्याच्या गॅरेजात सेकंडहँड इंजिन आलं की ते थेट गाडीत बसत नसे. आधी ते लोखंडी स्टँडवर चढायचं आणि रुपराव त्याची परीक्षा घ्यायचा. ऑईल मोजायची पट्टी काढून ऑईलचा थेंब बोटावर घ्यायचा, चोळायचा, नाकाशी धरायचा. वरचं झाकण उघडून आत चिखल साचलाय का ते बघायचा. प्लग काढून त्यांची तोंडं फडक्यावर मांडायचा. मग पुढच्या पुलीच्या बोल्टावर लांब दांड्याचा पाना लावून इंजिन हातानंच फिरवायचं, अगदी सावकाश, कुठं अडतंय आणि कुठं सैल पडतंय ते मनगटाला कळेपर्यंत. दुसरे मिस्त्री हे सगळं चहाचा कप संपायच्या आत उरकत. रुपरावची त्यात अख्खी दुपार जायची.

शेवटी यायचा हातभर लांब पेचकस, स्क्रू पिळायचा. त्याचं टोक इंजिनवर टेकवायचं आणि मूठ उजव्या कानामागच्या हाडाला लावायची. हा उजवा कान कामातून गेलेला. सारी उमर इंजिनांशेजारी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? हवेतून येणारं बोलणं त्या कानाला पोचत नसे, पण लोखंडातून हाडात उतरलेला आवाज मात्र तो बरोब्बर टिपायचा. डॉक्टर म्हणाला होता की आता या कानात अधूनमधून नसलेले आवाजही येतील, घाबरायचं नाही. डावा कान कसाबसा चालू होता, म्हणून घरचे त्याच्याशी डाव्या बाजूला उभं राहूनच बोलत.

गाडीखालच्या खड्ड्यात पोरगा जितेंद्र आणि वर रुपराव, असं काम असलं की ओरडून उपयोग नसे. त्यासाठी बापलेकांनी ठोक्यांची भाषा ठरवून घेतली होती. खालून लोखंडावर पान्याचा एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे फिरव. वरच्यानं एक ठोका परत दिला की ऐकलं. आणि शेवटचा ठोका खरा, कारण खाली कोणाचं बोट कशात आहे ते खालच्यालाच दिसतं. रुपरावचं मनगट या भाषेला इतकं सरावलं होतं की डोक्याला न विचारताच ते थांबायचं किंवा फिरायचं. जितेंद्रचे ठोके त्याच्या स्वभावासारखेच धांदरट, दुसरा पहिल्याच्या पाठीवर बसलेला. शंभर मिस्त्र्यांत रुपरावनं तो हात ओळखला असता.

आणि हाच एकुलता एक पोरगा पुण्याला निघाला होता. त्याचा मित्र अपूर्व तिकडं कारखान्यात लागला होता आणि रोज फोन करून ये म्हणत होता. जितेंद्रनं बापासमोर साफ सांगून टाकलं होतं. गॅरेजच्या आवारात एक सात सीटची गाडी इंजिन जाम होऊन पडली आहे, ती दसऱ्याच्या आत रोडवर आली तर तो इथंच टॅक्सी चालवेल, लग्नाच्या पार्ट्या नेईल. नाही आली तर बॅग भरलेलीच आहे.

रुपरावनं देवाजवळ आजवर फारसं काही मागितलं नव्हतं. देवाला त्रास देणाऱ्यांतला तो नव्हताच. या नवरात्रात मात्र घटासमोर बसून त्यानं एकच गोष्ट मागितली. पोरगं इथंच राहू दे.

२

इंजिन मिळालं खाप्याकडच्या एका भंगारवाल्याकडं. नेमकं त्याच गाडीचं, त्याच मॉडेलचं. दुपारी जितेंद्र गास्केट आणायला सदरच्या बाजारात गेला, रुपरावची बायको शामला मागच्या घरात उपासाची भगर खाऊन लवंडली, आणि रुपरावनं परीक्षा सुरू केली.

आता चांगल्या इंजिनमध्येही कुठंतरी काहीतरी निघतंच. वापरलेली वस्तू आहे, माणसासारखीच झिजणार. या इंजिनमध्ये काहीच निघेना. ऑईल मधासारखं. प्लग बदामी रंगाचे, सगळे एकसारखे. पुली धरून पुढंमागं ओढली तर केसाइतकंही हलेना. रुपरावला खूश व्हायला हवं होतं. तो झालाही, पण बाजारात भाजीवाल्यानं मागितल्याशिवाय भाव कमी केला की मन जसं खट्टू होतं, तसं काहीतरी त्याच्या मनाला झालं.

त्यानं पाना लावला आणि इंजिन फिरवायला घेतलं. लोण्यासारखं फिरत होतं.

ठक.

रुपराव थांबला. पान्याच्या दांड्यानं त्यानं स्टँडवर एक ठोका परत दिला. ऐकलं. आणि घाम पुसायला रुमाल काढताना त्याच्या लक्षात आलं की जितेंद्र सदरला गेलाय.

तो खड्ड्याकडं गेला. खड्ड्यात ऑईलचा एक डबा आणि जुनी चप्पल होती, बस. मांजर असेल म्हणून त्यानं स्टँडखालीही वाकून बघितलं. मग इंजिनमध्येच काहीतरी सुटं असेल, एखादा तुकडा आत पडला असेल, असं म्हणून त्यानं स्वतःची समजूत काढली. माणूस घाबरला की कारण शोधायला लागतो, आणि शोधलं की कारण मिळतंच. तो परत आला, पान्याला हात घातला.

ठक, ठक.

मनगट फिरलं. त्यानं फिरवायचं ठरवलं नव्हतं, मनगटच फिरलं. थोडं पुढं गेल्यावर पुन्हा एकच ठोका आला आणि मनगट थांबलं. आत तुकडा पडला असता तर तो फिरताना वाजला असता. हे फिरायच्या आधी वाजत होतं. शांत, मोजूनमापून, घाई नसलेले ठोके, आणि इंजिन नेमकं कुठं आणून उभं करायचं ते त्याला सांगितलं जात होतं.

रुपरावनं पेचकस घेतला, टोक इंजिनवर टेकवलं, मूठ हाडाला लावली. बंद इंजिनमध्येही पेचकसातून पुष्कळ काही येतं. रस्त्यावरच्या कोळशाच्या ट्रकांनी जमीन हादरते ते येतं, शेजारच्या वेल्डिंगवाल्याची घरघर येते. आता बाहेर ट्रक जात होता, त्याच्या पायाला कळत होतं, पण पेचकसातून काहीच येईना. आत कोणीतरी श्वास रोखून धरला असावा, इतकं गप्प होतं सगळं.

मग पेचकसाच्या अगदी टोकाशी, पलीकडून बोटानं टकटकावं तसा एक ठोका पडला. एकच. आणि या वेळी तो फिरवत नव्हता, त्याला थांब म्हणायचं काही कारण नव्हतं. एका ठोक्याचा दुसरा अर्थ रुपरावला माहीत होता. तो वरच्यानं द्यायचा असतो.

३

जितेंद्र परत आला तेव्हा बाप पायरीवर बसलेला होता. रुपरावनं जमेल तसं सांगितलं. जितेंद्र डाव्या बाजूला येऊन उकिडवा बसला, सगळं ऐकलं आणि हसला.

"तुमचा कान वाजून राहिला बाबा, इंजिन नाही."

पण पोरगं मनानं वाईट नव्हतं. बापाची खात्री व्हावी म्हणून त्यानं फोनला जोडायचा वायरचा कॅमेरा काढला, ऑनलाइन मागवलेला, टोकाला बारीक दिवा असलेला. प्लगच्या भोकातून तो आत सोडला आणि फोन दोघांच्या मधे धरला. पडद्यावर पिस्टनचं डोकं दिसलं, त्यावर काजळीचा पातळ थर. त्या काजळीवर चार पट्टे ओढलेले होते, शेजारी शेजारी. ताटातली चटणी बोटांनी पुसून घ्यावी, तसे.

रुपरावनं पोराकडं बघितलं. जितेंद्र म्हणाला की आधीच्या मिस्त्रीनं पिस्टनवरचं हेड उघडून फडकं मारलं असणार, त्यात काय. हेही पटण्यासारखं होतं. पण हेडचे बोल्ट कधी उघडलेलेच नव्हते, कारखान्यातला रंग तसाच्या तसा होता, आणि हे जितेंद्रलाही दिसत होतं.

इतक्यात पडदा धूसर झाला. कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरली. मग ती विरली. मग पुन्हा धरली. पुन्हा विरली.

जितेंद्रचा फोन वाजला, अपूर्वचा होता. त्यानं वायर काढली आणि बोलत बोलत तो दाराकडं गेला. ऑक्टोबरच्या उन्हात, थंड पडलेल्या लोखंडात वाफ कुठून येते, हे रुपरावला त्याला विचारायचं होतं.

त्याच संध्याकाळी रुपरावनं भंगारवाल्याला फोन केला. इंजिन कुठून आलं, कोणाच्या गाडीचं, असं विचारलं. तो म्हणाला की लॉटमध्ये आलेलं आहे, कोणाचं काय माहीत. पसंत नसेल तर आणून टाका, दुसरं आलं की देतो, पण दिवाळीच्या आत काही सांगता येत नाही. भला माणूस होता. वाट मोकळी होती, हे इथं सांगून ठेवलं पाहिजे. रुपरावला कोणी बांधून ठेवलं नव्हतं.

पण दिवाळी म्हणजे दसरा गेला. जितेंद्र हे ऐकून रागावलासुद्धा नाही, आणि तेच वाईट झालं. तो घरात गेला आणि बॅगेची चेन लावून तिला दाराजवळ उभं करून आला.

"मले वाटलंच होतं," तो म्हणाला. "तुम्हाले काही ना काही खोट सापडनच."

शामलानं नवऱ्याकडं बघितलं. त्या रात्री रुपरावनं अंथरुणावर पडून आपल्या कानाला भरपूर शिव्या घातल्या. डॉक्टरनं सांगितलं होतं ना नसलेले आवाज येतील म्हणून? मग? आपल्या बहिऱ्या कानापायी पोरगं घालवायचं काय? सकाळी उठून तो जितेंद्रला म्हणाला, "चाल, चेन-पुली लाव."

४

अष्टमीचा दिवस. चेन-पुलीला टांगलेलं इंजिन गाडीच्या तोंडात उतरत गेलं. जितेंद्र खाली खड्ड्यात होता, गिअरबॉक्सजवळ. या कामात एक नाजूक जागा असते. गिअरबॉक्सचा दातेरी दांडा इंजिनच्या क्लचमध्ये शिरला पाहिजे, आणि दात दातांत बसावेत म्हणून वरच्यानं इंजिन पान्यानं किंचित किंचित फिरवायचं असतं. खालचा बघतो आणि सांगतो. त्या वेळी दोन्ही लोखंडांच्या फटीत खालच्याची बोटं असतात.

ठकठक. फिरव. धांदरट हात, दुसरा ठोका पहिल्याच्या पाठीवर. रुपरावला हायसं वाटलं. त्यानं फिरवलं. ठक. थांबला. ठकठक. फिरवलं. खालून जितेंद्र काहीतरी गुणगुणत असावा, कारण त्याची सवयच तशी होती, पण ते काही रुपरावला ऐकू येत नव्हतं. इंजिन बोटभर मागं सरकलं. अजून बोटभर फट राहिली.

ठक, ठक.

हे सावकाश आलं. दोन ठोक्यांमध्ये जागा होती. पोरगं सांभाळून करून राहिलं, असं रुपरावच्या मनात आलं आणि त्याला कौतुक वाटलं. हे कौतुक त्याला पुढं जन्मभर पुरणार होतं. त्यानं फिरवलं. ठक, सावकाश. थांबला.

मग एकदम एक ठोका आला, जोरात, घाईत. थांब. तो जितेंद्रचा होता, यात शंकाच नाही. रुपरावनं हात रोखला, उत्तराचा ठोका द्यायला पाना उचलणार, तोच त्याच्यामागून शांतपणे दोन आले.

ठक, ठक.

शेवटचा ठोका खरा. हे त्यानंच पोराला शिकवलं होतं. डोकं म्हणत होतं थांब, विचार, वाकून बघ. मनगट डोक्याला कधी विचारत होतं? पाना फिरला, खट असा आवाज झाला आणि इंजिन गिअरबॉक्सला जाऊन चिकटलं. फट मिटली. मधे कागद सरकवायलाही जागा उरली नाही, इतकं सुंदर बसलं ते.

"जितू," रुपरावनं हाक मारली. मग मोठ्यानं मारली.

खालून कोणी बोललं असतं तरी त्याला ऐकू आलं नसतं. तो गुडघ्यावर बसला आणि गाडीखाली वाकला. अंधारात डोळे सरावायला वेळ लागला. खड्डा रिकामा होता.

५

"झालं, बाबा."

जितेंद्र त्याच्या मागं उभा होता. खड्ड्याच्या पायऱ्या चढून पलीकडून आला असेल. अंगाला सगळं जागच्या जागी होतं, डोकं, हात, बोटं. रुपरावच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्यानं पोराचे दोन्ही हात धरले, उलटेसुलटे करून बघितले. बोटं शाबूत होती. हात स्वच्छही होते. नखांत काळं नाही, तळव्यावर ग्रीस नाही, अंघोळ करून आल्यासारखे.

"पुसले काय रे हात?" त्यानं विचारलं.

जितेंद्रनं स्वतःच्या हातांकडं बघितलं, मग बापाकडं. "हो," तो म्हणाला. इतका वेळ विचार करून इतकं छोटं उत्तर त्यानं कधी दिलं नव्हतं.

मग त्याचा फोन वाजला. पडद्यावर अपूर्वचं नाव होतं. जितेंद्र त्याकडं बघत राहिला, वाजू दिला, संपू दिला. "मी आता कुठंच नाही जात," तो म्हणाला. हे ऐकायला रुपराव किती दिवस तडफडत होता! पण आता त्याच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि का आला ते कळायला त्याला थोडा वेळ लागला. पोरगा उजव्या बाजूला उभा होता. बहिऱ्या कानाच्या बाजूला. आणि त्याचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येत होता, पेचकसातून आल्यासारखा.

रुपराव गाडीकडं वळला. जमिनीवर पडलेला पाना उचलून त्यानं गिअरबॉक्सवर एक ठोका दिला. नुसता. ऐकू येतंय का, एवढंच.

आतून उत्तर आलं. ठकठक. दुसरा पहिल्याच्या पाठीवर. थांबलं, आणि पुन्हा आलं. ठकठक. ठकठक. फिरव, फिरव, फिरव.

त्यानं पाना पुलीच्या बोल्टाला लावला. उलटं फिरवायचं की सुलटं, ते त्याला कळत नव्हतं. तेवढ्यात मागून एक स्वच्छ हात आला आणि पान्यावर ठेवला गेला. जोर लावला नाही, फक्त ठेवला. त्या हाताला वजन फार होतं.

"आता काहून फिरवता, बाबा? बसलं ना."

रुपरावनं पाना सोडला. सोडला, हेच खरं. हिसकावून घेतला असता तर काय झालं असतं, ते त्याला कधीच कळणार नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. शामलानं उजाडताच गॅरेजातले सगळे पाने, हातोड्या, तो लांब पेचकससुद्धा धुऊनपुसून पाटावर मांडले होते, हळदकुंकू वाहिलं होतं, झेंडूची फुलं ठेवली होती. रुपरावच्या बापापासून चालत आलेली रीत होती. वर्षभर हत्यारं राबतात, या दिवशी त्यांना आराम. पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही.

शामला खुशीत होती. पोरानं अष्टमीच्या रात्रीच गाडीचे उरलेले बोल्ट, नळ्या, वायरी एकट्यानं जोडून टाकल्या होत्या आणि बॅग रिकामी केली होती. सकाळी न सांगता आंघोळ केली, आईनं वाढलं ते गुमान खाल्लं, कारल्याची भाजीसुद्धा. मोबाईल तिच्या हातात आणून दिला आणि म्हणाला, ठेव तुझ्याजवळ. तिनं देवीची ओटी भरायचा बेत केला होता.

दुपारी दोघं झोपल्यावर रुपराव खड्ड्यात उतरला. हत्यारं पाटावर होती, म्हणून त्यानं कानामागचं हाड थेट गिअरबॉक्सच्या थंड लोखंडाला लावलं. ठोके येत होते, कालच्यापेक्षा हळू. खूप वेळ दार वाजवून माणसाचा हात दुखावा, तसे.

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जुळतात तिथं बाजूला एक छोटी खिडकी असते, अंगठ्याएवढी, रबराचं बूच लावलेली. ती उघडायला पाना लागत नाही. रुपरावनं बूच काढलं आणि आपल्या मोबाईलचा दिवा भोकाशी धरला.

आतल्या चाकाचे दात दिसायला हवे होते. दिसलेही. त्यांच्या पलीकडं, जिथं सुरीचं पातंही मावलं नसतं, तिथं काहीतरी उजेडापासून मागं सरलं. मग धीर करून पुढं आलं. बोटाचं टोक होतं. ग्रीसनं माखलेलं, नखात काळं भरलेलं. ते चाचपडत भोकापर्यंत आलं आणि काठावर टेकलं.

रुपरावला ते धरता आलं असतं. करंगळी आत घालून निदान स्पर्श करता आला असता. त्यानं काय केलं, तर बूच भोकावर ठेवलं आणि अंगठ्यानं दाबून बसवलं. बाप माणूस. रडत होता, पण बूच नीट, चारी बाजूंनी दाबून बसवलं.

वर येऊन तो पाटासमोर उभा राहिला. इंजिन उतरवायला किती वेळ? बोल्ट काही फार नव्हते. हात पुढं झाला तेव्हा मागून शामलाचा आवाज आला.

"अजी, आज हात नाही लावत हत्याराले. उद्या करा काय करायचं ते."

खरं सांगायचं तर रुपरावला सुटल्यासारखं झालं. उघडल्यावर आत काय असेल, कसं असेल, कितपत असेल, हे त्याला बघवणार नव्हतं, आणि आता ते बघायचं नाही याला देवाधर्माची साक्ष मिळाली होती. उद्या, असं म्हणून तो खाटेवर जाऊन बसला. परसात जितेंद्र उन्हात उभा होता, टोपी नाही, सावली नाही, हात सोडून, गॅरेजकडं तोंड करून.

७

दसऱ्याला गाडी धुऊन उभी होती, बोनेटवर झेंडूचा हार. चाकांखाली लिंबं ठेवली होती. सावनेरला शामलाच्या भावाकडं सोनं द्यायला जायचं ठरलं होतं, नव्या गाडीतून, पहिल्यांदा. शामला ठेवणीतलं लुगडं नेसून मागच्या सीटवर बसली सुद्धा. मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी होती.

रुपरावनं सकाळी पाना उचलला होता. नाही असं नाही. हत्यारांवरची फुलं बाजूला सारून, कुंकू पुसून, तो गाडीपर्यंत गेला होता. मग जितेंद्र चावी घेऊन आला आणि शामलानं हाक मारली, उशीर होते म्हणून. रुपरावनं पाना परत पाटावर नेऊन ठेवला. एक दिवसानं काय होते, असं तो स्वतःशी म्हणाला. सणाचा दिवस आहे. संध्याकाळी परत आलो की बघू. कान वाजत असेल. बोट म्हणजे रबराची नळी असेल, अंधारात दिसतं माणसाला काहीबाही. तो पुढच्या सीटवर बसला आणि दार लावून घेतलं.

जितेंद्रनं चावी लावली, पण फिरवली नाही. तो बापाच्या उजव्या हाताला बसला होता. रस्त्यावर ढोलताशे चालले होते, शामला मागून काहीतरी बोलत होती, ते सगळं रुपरावला रजईतून आल्यासारखं लांबून येत होतं.

आणि तळपायाला कळलं. गाडीच्या पत्र्यातून, चपलेतून, हाडात.

ठक.

एकच. आज दोन नव्हते. फिरव म्हणणं संपलं होतं. इंजिन सुरू झालं की आत काय होतं, ते आतल्याला आता ठाऊक झालं असावं, कारण काल संध्याकाळी जितेंद्रनं ते एकदा थोडा वेळ चालवून बघितलं होतं आणि रुपराव त्या वेळी मुद्दाम कोपऱ्यावर पानाच्या ठेल्यावर जाऊन उभा राहिला होता. ठक. थांब. ठक. थांब. ठोके धांदरट नव्हते. ते विनवणीचे होते.

"निघू काय, बाबा?" बहिऱ्या कानात स्वच्छ आवाज आला. जितेंद्र त्याच्याकडं बघत होता. हसत नव्हता, धमकावत नव्हता. खालच्याच्या ठोक्याची वाट बघत वरच्यानं पाना धरून उभं राहावं, तसा थांबला होता. रुपरावनं नाही म्हटलं असतं तर तो कदाचित उतरलाही असता. मग सगळं उघडावं लागलं असतं. मग शामलाला सांगावं लागलं असतं की कारल्याची भाजी कोणी खाल्ली.

शामलानं पुढं वाकून नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या तोंडावर असं समाधान रुपरावनं लग्नानंतर कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं.

"तुमच्याच मनासारखं झालं ना आता?" ती त्याच्या डाव्या कानाशी येऊन म्हणाली. "पोरगं आपलं आपल्याजवळ राह्यलं. मंग काहून असं तोंड करून बसले?"

ठक, असं पायाखाली झालं. ठक.

रुपरावनं दोन्ही पाय पत्र्यावरून उचलले आणि सीटवर मांडी घालून बसला.

"निघ," तो म्हणाला.